लहान उपाहारगृह उघडण्यापूर्वी

एखाद्या वस्तीत नवे उपाहारगृह उघडते, तेव्हा पहिला दिवस बहुधा चांगला जातो. दाराला झेंडूचे तोरण असते, पूजा झालेली असते, नातेवाईक आणि शेजारी आवर्जून येतात. दुसऱ्या दिवशी कुतूहलाने काही माणसे येतात. आठवडा सरला की कुतूहलही सरते. त्यानंतर जो येतो तो मालकाच्या प्रेमाखातर येत नाही. भूक लागली म्हणून येतो, आणि खाऊन झाल्यावर आपण दिलेल्या पैशांचे चीज झाले की नाही याचा हिशेब मनातल्या मनात करीत बाहेर पडतो. असा हिशेब करणारी किती माणसे चाळिसाव्या दिवशी पुन्हा दारात उभी राहतात, यावर त्या उपाहारगृहाचे भवितव्य ठरते. या व्याख्यानाचा विषय तो चाळिसावा दिवस हाच आहे. त्याची तयारी दार उघडण्यापूर्वीच करावी लागते. नंतर ती करावयास पैसाही उरत नाही आणि सवडही उरत नाही.

हमरस्त्यावरील हॉटेल आणि वस्तीतील लहान उपाहारगृह ही दोन्ही दिसावयास एकाच जातीची असली, तरी त्यांचे अर्थकारण वेगळे आहे. हमरस्त्यावर रोज नवे लोक येतात. एक प्रवासी निराश होऊन गेला तरी त्याची जागा दुसरा घेतो. वस्तीत गिऱ्हाईक मोजके असते, ते एकमेकांना ओळखते, आणि तेच पुन्हापुन्हा यावे लागते. सकाळी एकाचे पोट बिघडले तर संध्याकाळपर्यंत ती वार्ता शेवटच्या घरापर्यंत पोचते. उलटपक्षी, एखादा पदार्थ चांगला जमला तर त्याचीही जाहिरात फुकट होते. तेव्हा लहान उपाहारगृहाचे खरे भांडवल टेबले, भांडी वा रंगीत पाटी यांत नसते. ‘येथे काल मिळाले तसेच आजही मिळेल’ या विश्वासात असते. बाकीचे भांडवल हा विश्वास निर्माण करण्याची साधने होत.

पुढील विवेचन निराधार वाटू नये म्हणून एक उदाहरण कल्पून घेऊ. एका मध्यम शहरातील एक जोडपे आहे. नवऱ्याने १५ वर्षे दुसऱ्याच्या भटारखान्यात आचाऱ्याचे काम केले आहे. बायकोने घरी डबे करून विकले आहेत आणि हिशेबाची वही तिच्याच हाती असते. दोघांची आयुष्याची पुंजी ४ लाख रुपये आहे. बँकेकडून आणखी ३ लाख मिळावयाचे आहेत. मुलगी पुढच्या वर्षी महाविद्यालयात जाईल. धंदा बुडाला तर केवळ एक दुकान बंद होणार नाही. तिचे शिक्षणही अडेल. लहान उपाहारगृह उघडणाऱ्या बहुतेक कुटुंबांची स्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते. म्हणूनच त्यांनी उत्साहापेक्षा सावधपणावर अधिक विसंबावे, हे सांगणे अप्रस्तुत ठरू नये.

तयारीची पहिली पायरी स्वयंपाकघरात नाही, रस्त्यावर आहे. जागा पसंत करण्यापूर्वी त्या जागेसमोर निदान तीन दिवस बसून काढावे: एक कामाचा दिवस, एक रविवार आणि एक बाजाराचा दिवस. चवळीचे दाणे एका खिशात घ्यावेत आणि माणूस गेला की एक दाणा दुसऱ्या खिशात टाकावा. तासागणिक मोजदाद लिहून ठेवावी. परंतु नुसती माणसे मोजून भागत नाही. ती माणसे कोठे चालली आहेत, त्यांच्यापाशी थांबावयास वेळ आहे काय, आणि मुख्य म्हणजे आज ती कोठे खातात, हे पाहिले पाहिजे. कोणतीही वस्ती नव्या उपाहारगृहाची वाट पाहत उपाशी बसलेली नसते. कोणी घरून डबा आणतो, कोणी कोपऱ्यावरच्या हातगाडीवर खातो, कोणी चहाबरोबर पाव खाऊन दुपार काढतो. नव्या दुकानाला यांपैकी कोणाची तरी सवय बदलावयाची असते, आणि सवय बदलावयाची तर अधिक चव, अधिक स्वच्छता, कमी वेळ किंवा कमी दाम यांपैकी निदान एक गोष्ट तरी निश्चितपणे द्यावी लागते.

जागेचे महत्त्व इराण्यांनी फार पूर्वी ओळखले होते. मुंबईतील क्यानी आणि कंपनी १९०४ मधली, ब्रिटानिया १९२३ मधले. इराणी हॉटेले नाक्यावरच्या दुकानांत अधिक आढळतात. कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती घेत नसत, म्हणून ती इराण्यांना मिळाली असे सांगितले जाते. कारण काही असो, कोपऱ्यावरच्या दुकानाला दोन रस्त्यांवरून दारे ठेवता येतात, उजेड आणि वारा दोन्ही बाजूंनी येतो, आणि दोन्ही रस्त्यांवरच्या माणसांना आत काय चालले आहे ते दिसते. ज्याला आतील स्वच्छ टेबले आणि बसलेली माणसे दिसतात, त्याला पाटी वाचावी लागत नाही. लहान दुकानाने हा धडा घ्यावा: दर्शनी भाग झाकू नये.

जागा मनात भरली म्हणजे अनामत रक्कम देण्याची घाई होते, आणि पुष्कळ माणसे येथेच फसतात. पैसे देण्यापूर्वी काही प्रश्नांची उत्तरे मिळविली पाहिजेत. या जागेत खाद्यपदार्थांचा धंदा करण्यास घरमालकाची, इमारतीतील इतरांची आणि नगरपालिकेची संमती आहे काय? धूर आणि वाफ कोठून बाहेर जाणार? वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाच्या खिडकीत धूर शिरत असेल, तर पहिल्या महिन्यातच तक्रार होईल. सांडपाण्याची मोरी किती रुंद आहे, आणि पावसाळ्यात ती तुंबते काय? नळाला पाणी किती वेळ येते? भाडेकरार किती वर्षांचा आहे? कारण भट्टी, ओटा आणि नळजोडणी यांवर झालेला खर्च जागा सोडताना बरोबर नेता येत नाही. हे प्रश्न विचारावयास काही खर्च येत नाही. न विचारण्याचा खर्च मात्र सर्व अनामतीएवढा असू शकतो.

आता आकडेमोडीकडे वळू. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपापल्या गावचे आकडे त्या जागी घालावेत. कल्पिलेल्या जोडप्याचे दुकान सहा टेबलांचे, म्हणजे २४ जणांना बसता येईल एवढे आहे. महिन्याचा ठरीव खर्च असा: भाडे २५,००० रुपये, तीन नोकरांचा पगार ४५,०००, वीज व पाणी ८,०००, कर्जाचा हप्ता ८,०००, आणि फूटतूट, दुरुस्ती व साफसफाई ४,०००. एकूण ९०,००० रुपये. दुकानात एकही माणूस आला नाही तरी हा खर्च चुकत नाही. एक गिऱ्हाईक सरासरी ५० रुपयांचे खाते असे धरू. त्यातील २५ रुपये धान्य, तेल, भाजी, दूध आणि इंधन यांत जातात. म्हणजे दर गिऱ्हाइकामागे २५ रुपये उरतात. ९०,००० रुपये भरून काढावयाचे तर महिन्याला ३,६०० गिऱ्हाइके हवीत. आठवड्याची सुट्टी सोडून २६ दिवस दुकान चालले तर रोज सुमारे १३९.

एवढी माणसे आली की धंदा चालला, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः १३९ माणसे आल्यावर नवराबायको पहाटे पाचापासून रात्री दहापर्यंत राबून केवळ घरमालक, नोकर आणि बँक यांचे देणे फेडतात. त्यांच्या स्वतःच्या पदरात काहीच पडत नाही. लहान धंद्याच्या हिशेबात हीच चूक वारंवार आढळते. घरच्या माणसांचे, विशेषतः घरच्या बायकांचे श्रम वहीत लिहिलेच जात नाहीत आणि त्यामुळे तोटा नफ्यासारखा दिसतो. दोघांच्या श्रमांचे मिळून महिना ३०,००० रुपये धरले, तर भरून काढावयाची रक्कम १,२०,००० होते, महिन्याला ४,८०० गिऱ्हाइके लागतात, आणि रोजचा आकडा १८५ वर जातो.

मग १८५ माणसांना २४ आसने पुरतील काय? चार जणांच्या टेबलावर पुष्कळदा दोघेच बसतात, म्हणून एका वेळी सरासरी १२ जागा भरलेल्या धराव्यात. एक माणूस २० मिनिटे बसला तर तासाला ३६ जणांची सोय होते. १८५ जणांसाठी पाच तासांहून थोडा अधिक भरगर्दीचा वेळ लागेल. सकाळी सात ते अकरा आणि दुपारी चार ते आठ या वेळांत तो मिळू शकतो. परंतु रस्त्यावरच्या चवळीच्या दाण्यांनी तशी ग्वाही दिलेली असली पाहिजे. ती दिलेली नसेल, तर भाडे कमी असलेली जागा शोधावी, एक नोकर कमी ठेवावा, किंवा डबे पोचवून विक्री वाढविता येते काय ते पाहावे. कागदावर न जमलेला हिशेब भट्टी पेटविल्याने जमत नाही.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उघड होते. आचाऱ्याचा हात सैल असल्यामुळे किंवा भाव चढल्यामुळे दर गिऱ्हाइकामागे २५ ऐवजी २८ रुपयांचा माल लागू लागला, तर तीन रुपयांचा फरक कोणाच्या नजरेत भरत नाही. तथापि उरणारी रक्कम २५ वरून २२ वर येते, आणि तेच उत्पन्न राखण्यासाठी रोज १८५ ऐवजी २१० माणसे लागतात. तीन रुपयांची हयगय म्हणजे रोज २५ नवी गिऱ्हाइके शोधण्याची शिक्षा होय. म्हणून पळी, वाटी आणि तराजू ही लहान उपाहारगृहातील सर्वांत मोलाची हत्यारे समजावीत. कोणत्या पदार्थास किती पीठ, किती तेल, किती खोबरे लागते हे उघडण्यापूर्वीच तोलून वहीत लिहून ठेवावे. मापामुळे पैसा वाचतो एवढेच नव्हे. सोमवारी मिळालेली चटणी गुरुवारीही तशीच मिळते, आणि मघाशी सांगितलेला विश्वास याच मापातून तयार होतो.

भांडवलाची विभागणीही आधीच ठरवावी. या जोडप्यापाशी एकूण ७ लाख रुपये आहेत. सहा महिन्यांच्या भाड्याएवढी अनामत दिली तर दीड लाख जातात. तीन महिन्यांचा ठरीव खर्च, म्हणजे २ लाख ७० हजार, बाजूला काढून ठेवलाच पाहिजे; कारण पहिले काही महिने १८५ माणसे येणार नाहीत. उरले २ लाख ८० हजार. एवढ्यातच ओटा, शेगड्या, भांडी, टेबले, पाण्याची टाकी, पीठ वाटण्याचे यंत्र आणि शीतकपाट बसले पाहिजे. साहजिकच यंत्र वापरलेले घ्यावे लागेल आणि टेबलांवर संगमरवर बसणार नाही. पुष्कळ दुकाने याच्या उलट क्रमाने उभारली जातात. आधी फरशी, आरसे आणि दिवे यांवर पैसा ओतला जातो, आणि दुसऱ्या महिन्यात वाण्याची उधारी सुरू होते. उधारीचा माल वाणी निवडून देत नाही, तो स्वतःच्या सोयीने देतो; तेथून पदार्थाची चव उतरू लागते आणि गिऱ्हाइकाला ती आरशांच्याही आधी कळते.

कर्जाविषयी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळी बहुतांशी बायकाच चालवीत. त्यांच्यापाशी कसब होते, गिऱ्हाईक होते, पण रोख पैसा नव्हता. महिन्याच्या आरंभी धान्य भरावयाचे तर सावकाराचे भारी व्याज सोसावे लागे. १९६९ मध्ये प्रमुख बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यावर अशा लहान माणसांना बँकेची दारे उघडण्याची शक्यता निर्माण झाली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. आरंभी त्यात अवघ्या १४ बायका होत्या. पुढे हजारो बायका त्यात सामील झाल्या. एकेकटीला जे कर्ज मिळत नव्हते, ते एकमेकींची हमी घेऊन मिळू लागले. या इतिहासाचे तात्पर्य असे की, कर्ज ही वाईट गोष्ट नव्हे. ते कोणाकडून, किती दराने आणि कशासाठी घेतले जाते यावर त्याचे बरेवाईटपण ठरते. शेगडीसाठी घेतलेले कर्ज शेगडी फेडते. आरशासाठी घेतलेले कर्ज माणसालाच फेडावे लागते.

यानंतर पदार्थांची यादी. नवा मालक सर्वांना सर्व काही देऊ पाहतो. फळ्यावर ४० पदार्थ लिहिले की ४० तऱ्हेची गिऱ्हाइके येतील असे त्याला वाटते. प्रत्यक्षात ४० पदार्थांना ४० प्रकारचा माल साठवावा लागतो, त्यातील निम्मा वाया जातो, आणि एकाही पदार्थावर हात बसत नाही. लहान दुकानाने आठ-दहा पदार्थांनी आरंभ करावा, आणि ते असे निवडावेत की एकच तयारी दोन-तीन पदार्थांना उपयोगी पडेल. तांदूळ आणि उडीद यांच्या आंबविलेल्या पिठातून इडली, डोसा आणि उत्तप्पा निघतात. बटाट्याची एक भाजी डोशात आणि पुरीबरोबर चालते. सांबार आणि चटणी सर्वांना लागू पडते. दक्षिण कन्नड भागातून निघालेली उडुपी उपाहारगृहे देशभर पसरली, त्यामागे चवीइतकीच ही काटकसरीची रचनाही आहे.

यादी लहान असली तरी ती गोठलेली नसावी. उडुपीजवळच्या खेड्यातून बेंगळूरला आलेल्या मैया बंधूंनी १९२४ मध्ये एक लहान उपाहारगृह काढले. तेच पुढे मावळ्ळी टिफिन रूम या नावाने प्रसिद्धीस आले. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली, तेव्हा तेथे रव्याची इडली करून पाहण्यात आली, असे त्या उपाहारगृहाचा इतिहास सांगतो. अडचणीतून निघालेला तो पदार्थ आज दक्षिणेत सर्वत्र खाल्ला जातो. याच बंधूंपैकी यज्ञनारायण मैया यांनी १९५१ मध्ये युरोपचा प्रवास केला, तेथील उपाहारगृहांतील टापटीप पाहिली, आणि परतल्यावर भांडी निर्जंतुक करण्याकडे विशेष लक्ष पुरविले. आणीबाणीच्या काळात, १९७५ नंतर, पदार्थांचे दर उतरविण्याची सक्ती झाली. त्या दरात माल हलका वापरावा किंवा दुकान मिटावे, एवढेच दोन मार्ग होते. त्यांनी दुकान मिटले, तयार पिठांचा धंदा वाढविला, आणि १९८४ मध्ये उपाहारगृह पुन्हा उघडले. विश्वास हे भांडवल आहे, हे वाक्य बोलावयास सोपे आहे. ते जपण्याची किंमत कधीकधी अशी मोजावी लागते.

स्वच्छतेचा प्रश्न चवीपुरता नाही. तो लोकांच्या जिवाशी निगडित आहे. घरी एखादा पदार्थ नासला तर चार माणसे आजारी पडतात, उपाहारगृहात शंभर. यासंबंधीचे मूलभूत नियम थोडेच आहेत. गरम वाढावयाचा पदार्थ ६० अंश सेल्सियसच्या वर ठेवावा, थंड ठेवावयाचा ५ अंशांच्या खाली. या दोहोंमधल्या उष्णतेत रोगजंतू झपाट्याने वाढतात. सकाळचे सांबार दुपारभर कोमट ठेवून संध्याकाळी नुसते गरम करून वाढणे म्हणूनच धोक्याचे आहे. कच्चे आणि शिजलेले अन्न एकाच सुरीने चिरू नये. हात धुण्यासाठी भटारखान्यात वेगळा नळ आणि साबण असावा. तो नसेल तर नियम भिंतीवरच राहतो. तळणाचे तेल पुन्हापुन्हा तापविल्याने बिघडते. त्यावर २०१८ च्या जुलैपासून कायद्याने मर्यादा घातली आहे. या धंद्याचा मुख्य कायदा म्हणजे २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा होय. त्याखाली केलेले नियम २०११ मध्ये अमलात आले. उलाढालीनुसार नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो, आणि अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी लागते. याशिवाय नगरपालिकेच्या आरोग्य खात्याची अनुमती, दुकान म्हणून नोंद आणि धंद्यासाठीची वेगळी गॅसजोडणी यांची व्यवस्था करावी लागते. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, धंद्याचा १९ किलोचा. पहिला स्वस्त पडतो म्हणून तो भटारखान्यात वापरणे बेकायदेशीर आहे. हे कागद मिळण्यास वेळ लागतो. भाडे सुरू झाल्यावर अर्ज करणारा माणूस बंद दुकानाचे भाडे भरत बसतो.

नोकरमाणसांची निवड ही तयारीतील सर्वांत नाजूक बाब आहे. एके काळी हॉटेल म्हटले की कपबश्या विसळणारा ‘पोऱ्या’ गृहीतच धरला जाई. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले, ढाबे आणि चहाची दुकाने यांत १४ वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास बंदी आहे. ज्याचा हिशेब अशा मुलाच्या स्वस्त श्रमांवरच जमतो, त्याचा हिशेब मुळातच जमलेला नाही असे समजावे. प्रौढ माणूस ठेवावा, त्याला रीतसर पगार, आठवड्याची सुट्टी आणि गिऱ्हाइकाला मिळते तेच अन्न द्यावे. वाढप्याला शिळे खाऊ घालून गिऱ्हाइकाला ताजे वाढण्याचा आग्रह धरता येत नाही.

कुशल माणसे हीच उपाहारगृहाची जमा असते, याचा पुरावा कॉफी हाउसच्या इतिहासात आहे. कॉफी बोर्डाने चालविलेली कॉफी हाउसे १९५० नंतरच्या दशकात बंद होऊ लागली आणि शेकडो कामगारांवर बेकारीची पाळी आली. ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने या कामगारांनी सहकारी संस्था काढल्या. पहिली संस्था १९५७ च्या ऑगस्टमध्ये बेंगळूर येथे स्थापन झाली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीत कामगारांनी चालविलेले कॉफी हाउस उघडले. त्यांच्यापाशी भांडवल जेमतेम होते. परंतु कॉफी कशी करावी, गिऱ्हाइकाशी कसे बोलावे आणि गल्ला कसा सांभाळावा, हे त्यांना ठाऊक होते. मालक निघून गेल्यावरही धंदा चालू शकला. कामगार निघून गेले असते तर तो चालला नसता.

सर्व जुळवाजुळव झाली म्हणजे उद्घाटनाचा मुहूर्त काढण्याची घाई होते. त्याआधी निदान आठवडाभर तालीम करावी. भटारखाना खरा चालवावा. शेजारपाजारच्या २०-३० जणांना फक्त मालाच्या दरात खाऊ घालावे, आणि त्यांच्या स्तुतीकडे दुर्लक्ष करून त्यांच्या ताटांकडे पाहावे. ताटात काय उरले, हे तोंडाने सांगितलेल्या अभिप्रायापेक्षा अधिक खरे असते. मागणी केल्यापासून पदार्थ टेबलावर येईपर्यंत किती मिनिटे लागली ते घड्याळ लावून पाहावे. तासाला ३६ माणसे आली तर बश्या आणि पेले पुरतात काय, धुणाऱ्याचा आणि वाढप्याचा रस्ता एकमेकांना छेदतो काय, टाकीतील पाणी नळ येईपर्यंत टिकते काय, वीज गेली तर पीठ कसे वाटणार, आचारी आजारी पडला तर तव्यापाशी कोण उभे राहणार, हे सर्व या आठवड्यात उघडकीस यावे. तालमीत फजिती झाली तर ती शेजाऱ्यांपुरती राहते आणि दुरुस्त करता येते.

उधारीचा नियमही याच वेळी ठरवावा. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी सर्वत्र दिसते आणि सर्वत्र मोडलीही जाते, कारण वस्तीत कोणाला तोंडावर नाही म्हणणे कठीण असते. त्यापेक्षा महिनेवारी गिऱ्हाइकांसाठी आगाऊ पैसे घेऊन पास देण्याची पद्धत बरी. त्यात गिऱ्हाइकाला थोडी सवलत मिळते, दुकानाला महिन्याच्या आरंभी माल भरावयास रोख रक्कम मिळते, आणि नकार देण्याचा प्रसंगच येत नाही.

एक शक्यता मात्र प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ही सर्व तयारी केल्यावर, दाणे मोजून आणि आकडे मांडून झाल्यावर, असेही आढळेल की या जागी, या भाड्यात, या पुंजीवर उपाहारगृह चालणार नाही. अशा वेळी ते न उघडण्याचा निर्णय म्हणजे हार नव्हे. ज्या कुटुंबाने सात लाखांचा प्रश्न तीन दिवसांच्या पायपिटीने आणि एका वहीने सोडविला, त्याची पुंजी शाबूत राहते, मुलीचे शिक्षण चालू राहते, आणि घरून डबे पुरविण्याचा लहान धंदा वाढविण्यास ते मोकळे राहते. पुढे योग्य जागा मिळाली म्हणजे तीच वही पुन्हा उपयोगी पडते.

आणि हिशेब जमला, तर दार उघडावे. मोठा समारंभ न करता, एखाद्या साध्या दिवशी. पहिल्या दिवशी किती माणसे आली हे कोणी विचारले तर सांगावे, पण त्यावर फार भरवसा ठेवू नये. चाळिसाव्या दिवशी, पाऊस पडत असता, समोरच्या चाळीतला जो माणूस छत्री मिटवून नेहमीच्या जागी बसतो आणि काय हवे ते न सांगताच ज्याच्यापुढे त्याची बशी येते, तो माणूस त्या सर्व तयारीचे फळ होय. त्याच्यासाठी पहाटे तोललेले पीठ कालच्याइतकेच असावे, एवढीच दक्षता त्यानंतर रोज घ्यावयाची असते.